सोडलेले विषय

एलिशाला तेजश्रीचा राग येत नसे. राग आला असता तर बरं झालं असतं. रागात भांडता येतं, बोलणं टाकता येतं. तिला हेवा वाटे, आणि जिचा हेवा वाटे तिच्याच शेजारी बसून ती रोज मेट्रोने युनिव्हर्सिटीत जाई.

दोघी कतारमध्ये, दोह्याच्या बिन महमूद भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहत. एलिशाचे आईवडील वसईचे. आई आयरीन हॉस्पिटलात नर्स, वडील डग्लस एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या ऑफिसात. एलिशा जन्मली ती इथेच. तेजश्री आली अकरावीत. तिचे वडील अरुणकुमार लातूरकडचे, साइटवर इंजिनिअर. आई लता घरीच असे. ते दोन मजले वर राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात आयरीनला लिफ्टमध्ये मराठी ऐकू आलं. "अगोबाई, तुम्ही मराठी?" म्हणत ती जी बोलायला लागली, ती आपला मजला मागे गेला तरी थांबली नाही. त्यांच्या दारापर्यंत बोलत गेली आणि चहा पिऊनच खाली आली.

तोवर वर्गात पहिला नंबर एलिशाचा असे. त्याचं तिला काही विशेष वाटत नसे, इतका तो तिचा होता. तेजश्रीचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. मुलं तोंड दाबून हसत. पण पहिल्या चाचणीचे गणिताचे पेपर मिळाले आणि सरांनी तिचा पेपर वर धरून दाखवला. एलिशाने टाळ्या वाजवल्या. वाजवताना आपले हात आपले नाहीत असं तिला वाटलं.

नंबराचं एक वेळ चाललं असतं. पण तेजश्री इंग्रजी निबंध दाखवायला घरी यायची आणि निबंध झाला की स्वयंपाकघरात आयरीन वसईचे फुगे तळत असे तिथे जाऊन बसायची.

"आंटी, तुमचे फुगे एवढे हलके कामून होतात हो? मम्मीनं केले तर नुसते गोळे झाले."

"पीठ आंबायला वेळ दे गो बाय. घाई केली की बसतात ते."

एलिशाला सगळं मराठी समजे. पण आई मराठीत विचारी आणि ती इंग्रजीत उत्तर देई. कित्येक वर्षं घरात असंच चाललेलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. तेजश्री आल्यावर मात्र आईचं बोलणंच बदललं. ती मोठ्याने हसायला लागली, माहेरच्या गोष्टी सांगायला लागली, वसईच्या बाजारात मासळीवाल्या कशा भांडत ते आवाज काढून दाखवायला लागली. एलिशा खोलीतून ऐकत राही. या गोष्टी आईने मला कधी सांगितल्या नाहीत, असं तिच्या मनात येई. आपण कधी विचारल्या नाहीत, हे मात्र मनात येत नसे.

बारावीनंतर दोघींना एकाच युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला आणि दोघींना फीसाठी आर्थिक मदतही मिळाली. ती मिळाली नसती तर दोघींनाही भारतात परतावं लागलं असतं. मदतीला अटी होत्या. दर सेमिस्टरला सरासरी ठरावीक पातळीच्या वर हवी, आणि वर्षभरात घेतलेल्या विषयांपैकी चारांतले तीन तरी पूर्ण व्हायला हवेत. ओरिएंटेशनला हे समजावून सांगितलं तेव्हा एलिशाने सरासरीचा आकडा ऐकला आणि मनात हसली. तिची सरासरी इतकी खाली कधी येणारच नव्हती. पुढचं तिने ऐकलंच नाही. ती तेजश्रीकडे बघत होती. तेजश्री ओळीओळीवर बोट ठेवून अटींचं पान वाचत होती.

पहिल्या वर्षी एलिशा बरीच पुढे राहिली. लिहायचे विषय होते, इंग्रजी चांगलं असेल तर निभावणारे. दुसऱ्या वर्षी स्टॅटिस्टिक्स आलं.

मिडटर्मचे मार्क लागले तेव्हा दोघी कॅन्टीनमध्ये होत्या. तेजश्रीने फोन बघितला आणि आनंदाने टेबलावर थाप मारली. "अगं, अठ्ठ्याऐंशी! मला वाटलं गेलं सगळं! तुझे किती?"

एलिशाचे चौऱ्याहत्तर होते. वाईट नव्हते. सर म्हणाले असते की फायनलला वर काढता येतील. पण तिला ते चौऱ्याहत्तर सरासरीत जाऊन बसलेले दिसले आणि त्यांच्या वर तेजश्री बसलेली दिसली.

"अजून बघितले नाहीत," ती म्हणाली. फोन तिने पालथा ठेवला.

विषय सोडायची मुदत संपायला थोडाच अवकाश होता. सोडला की ट्रान्स्क्रिप्टवर नुसता 'डब्ल्यू' येई, मार्क कुठेच दिसत नसत, सरासरीला धक्का लागत नसे. एलिशाने विषय सोडला. तेजश्रीला सांगितलं, वेळ जुळत नाही, उन्हाळ्यात घेईन. सेमिस्टरच्या शेवटी तिची सरासरी पुन्हा तेजश्रीच्या वर होती. घरी डग्लसने केक आणला. एलिशाने तो खाल्ला आणि दोन मजले वर त्याचा एक तुकडा स्वतः नेऊन दिला. लताकाकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "आमच्या तेजूला तुझ्यासारखं होता येऊ दे," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी एलिशा फार सुखात होती.

मग ते सोपंच झालं. पुढच्या सेमिस्टरला अकाउंटिंगच्या पहिल्या परीक्षेत तेजश्री पुढे गेली, एलिशाने अकाउंटिंग सोडलं. मार्चमध्ये प्रोग्रॅमिंगच्या प्रोजेक्टला तेजश्रीच्या गटाचं कौतुक झालं, एलिशाने प्रोग्रॅमिंग सोडलं. तेजश्री जिथे जिंकेल तिथून ती उठून जाई. उरलेल्या विषयांत तिला 'ए' मिळे, आणि सरासरी चकचकीत राही.

एप्रिलमध्ये आयरीनचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मोठं नव्हतं, पण तिला आठवडाभर उठवत नव्हतं. एलिशा लायब्ररीत होती. उरलेल्या तीन विषयांत 'ए' हवा होता. दुपारी घरी तेजश्री असे. लताने केलेली मुगाची खिचडी ती खाली आणी, आयरीनच्या पाठीला उशा लावी, औषधांच्या वेळा बघे. एलिशा संध्याकाळी परते तेव्हा दाराबाहेर तेजश्रीच्या चपला असत. त्या चपला दिसल्या की एलिशा दाराशीच थबके. एकदा ती तशीच परत लिफ्टने खाली गेली आणि चपला जाईपर्यंत खालच्या मलबारी हॉटेलात दाट दुधाचा करक चहा घेऊन बसून राहिली.

जूनमध्ये आर्थिक मदत विभागाचा मेल आला. 'प्रिय विद्यार्थी' अशी सुरुवात होती. शैक्षणिक प्रगती समाधानकारक नाही, पुढचं सेमिस्टर हे इशाऱ्याचं सेमिस्टर समजावं. एलिशाला वाटलं, हा सगळ्यांना गेलेला मेल असणार. आपली सरासरी एवढी असताना आपल्याला कोण इशारा देणार? तिने तो पुसूनही टाकला नाही, तसाच पडू दिला.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला तिने पाचपैकी दोन विषय सोडले. त्याच सेमिस्टरला तेजश्री फिलॉसॉफीत नापास झाली.

"झालं की गं वाटोळं," मेट्रोत तेजश्री म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "त्या सरांचं बोलणंच कळत नव्हतं मला. आता मदत काढून घेतली तर? पप्पा म्हणतील चल लातूरला."

"काही होत नाही," एलिशाने तिचा हात धरला. आणि हात धरलेला असतानाच तिच्या मनात आलं: जाऊ दे हिला लातूरला. ते इतकं स्पष्ट, इतकं शब्दांत आलं की तिने पटकन खिडकीबाहेर बघितलं. ती रोज विचारू लागली, "तुला काही मेल आला का?" तेजश्रीला ती काळजी वाटे.

तेजश्रीला मेल आला नाही. पाचपैकी चार विषय तिने पूर्ण केले होते आणि नापास होऊनही तिची सरासरी हव्या त्या पातळीच्या वरच होती. मेल एलिशाला आला. या वेळी त्यात तिचं नाव होतं. जानेवारीत सुरू होणाऱ्या वसंत सेमिस्टरपासून मदत थांबवण्यात येत आहे.

विभागातल्या अफशां मॅडम हैदराबादच्या होत्या. त्यांनी स्क्रीन एलिशाकडे फिरवली.

"बेटा, 'डब्ल्यू' का मतलब ये नहीं कि आपने कोर्स लिया ही नहीं," त्या म्हणाल्या. विषय घेतला, त्यावर पैसे खर्च झाले, तो पूर्ण झाला नाही, आमच्या हिशेबात तो अपुराच. सरासरी कितीही असो. "इतनी अच्छी स्टुडेंट हैं आप. हर दफ़ा छोड़ा क्यों?"

एलिशाने विचारलं, आता काय करता येईल. मॅडमनी सांगितलं, अपील करता येईल. आजारपण, घरातला मृत्यू, हाताबाहेरचं काही घडलं असेल तर कागदपत्रांसह लिहा, आणि आता काय बदललंय तेही लिहा.

घरी ऐकून डग्लस खुर्चीतच बसून राहिला. मग म्हणाला, "मम्मीचं ऑपरेशन झालं होतं ना? ते लिही. तू घर सांभाळत होतीस. खोटं कुठे आहे त्यात?"

एलिशाने लिहिलं. फार चांगलं लिहिलं, तिला लिहिता येतच होतं. आई अंथरुणाला खिळलेली, वडील ऑफिसात, एकुलती एक मुलगी, अभ्यास आणि सेवा. वाचून तिचेच डोळे भरून आले. फक्त हॉस्पिटलचा कागद जोडायचा राहिला. आयरीनने तो दुसऱ्याच दिवशी ड्युटीवरून येताना आणला.

त्या संध्याकाळी तेजश्री आली होती. एलिशा खोलीत होती, दार अर्धं उघडं होतं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"माझ्यापायी झालं गो हे. मी पडले आणि पोरीनं एकेक विषय सोडला. मला बोलली पण नाही. मला वाटायचं हिला आपलं काही नाही, आपली पुस्तकं भली. आणि बघ, मनात किती होतं तिच्या."

थोड्या वेळाने तेजश्री एलिशाच्या खोलीत आली आणि तिने दार लोटलं.

"आंटींचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "स्टॅट्स तू त्याच्या आधीच्या सेमिस्टरला सोडलंस. प्रोग्रॅमिंग मार्चमध्ये. मी वर्गातच होते, एलिशा."

"इट्स नन ऑफ युवर बिझनेस."

"तुझ्या अपिलाशी मला काही करायचं नाही. कुणाला सांगणार पण नाही. पण आंटी रडत होत्या आत्ता. त्यांना वाटतंय त्यांच्यामुळं झालं. एवढं तरी त्यांना खरं सांग."

"आंटी, आंटी!" एलिशा उठून उभी राहिली. मग जे निघालं ते सगळं इंग्रजीत निघालं, भरभर, ओरडून. तुला माझा नंबर हवा होता तो घेतलास. मैत्रिणी घेतल्यास. माझ्या घरात बसून माझ्या आईच्या हातचं खातेस, तिच्या गोष्टी ऐकतेस. मी आले की तुम्ही दोघी गप्प होता. आता माझी आईसुद्धा हवी का तुला? "तू प्रत्येक विषयात माझ्या पुढे होतीस म्हणून सोडले मी. प्रत्येक. ऐकायचं होतं ना? ऐक!"

दार उघडलं. आयरीन उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

तेजश्रीने ओढणी सारखी केली, "येते आंटी," म्हणाली आणि गेली.

"म्हणजे ऑपरेशनच्या आधीच सोडलेस?" आयरीनने विचारलं.

एलिशाने होकारार्थी मान हलवली.

आयरीन पलंगाच्या कडेवर टेकली. "मला वाईट वाटत होतं गो, तुझं नुकसान झालं म्हणून," ती म्हणाली. "पण खरं सांगू? थोडं बरं पण वाटत होतं. माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी सोडलं, असं." मग ती उठली. "तो कागद तू नेऊ नकोस. मी देणार नाही."

डग्लस चिडला. एक कागद, एवढंच तर आहे, म्हणाला. आयरीन बधली नाही. एलिशाने मुदतीच्या आत दुसरं अपील लिहिलं. हे तिला नीट जमेना. तीन वेळा खोडून शेवटी तिने लिहिलं की हे विषय आजारपणामुळे सोडले नाहीत, दुसऱ्या विद्यार्थिनीपेक्षा कमी मार्क पडतील म्हणून सोडले. आता कोणताही विषय सोडणार नाही, मिळेल तो ग्रेड घेईन.

अफशां मॅडमनी ते तिच्यासमोर वाचलं. "यह मंज़ूर नहीं होगा," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "लेकिन कमिटी को मैं यही दूँगी."

मंजूर झालं नाही. समितीने एक वाट मोकळी ठेवली: वसंत सेमिस्टरला स्वतःच्या खर्चाने दोन विषय घ्यावेत, दोन्ही पूर्ण करावेत, ऑगस्टपासून मदत पुन्हा सुरू होईल. डग्लसने वसईच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम थांबवलं आणि दोन विषयांचे पैसे भरले. तो काही बोलला नाही. बोलला असता तर एलिशाला सोपं गेलं असतं. तिने स्टॅटिस्टिक्स आणि अकाउंटिंग घेतलं.

तेजश्री खाली येईनाशी झाली. दाराबाहेर चपला नसत. इतकी वर्षं एलिशाला हेच हवं होतं. आता संध्याकाळी आई आणि ती दोघीच असत. आयरीन भाजी चिरी, टीव्ही चालू ठेवी, आणि बोलत नसे. एलिशाने एकदा विचारलं, "वसईच्या बाजाराचं ते काय होतं, मासळीवाल्यांचं?" तिचं मराठी अडखळलं. आयरीनने तिच्याकडे बघितलं, थोडं सांगितलं, पण आवाज काही काढले नाहीत. एकटीपुढे तिला ते रंगत नव्हतं.

मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून मिस्सा आटोपून घरी आल्यावर एलिशा जिन्याने दोन मजले चढली. दार लताकाकूंनी उघडलं आणि काही न विचारता आत वळून हाक मारली. तेजश्री केस पुसत आली.

"मम्मी तुझी वाट बघते," एलिशा म्हणाली. "बोलत नाही ती. पण बघते. तू ये."

"आणि तुला चालेल?"

एलिशाला खोटं बोलता आलं असतं. "मला अजून त्रास होतो," ती म्हणाली. "तू हसलीस की होतो, तिने तुला वाढलं की होतो. सॉरी म्हणून तो जाईल असं मला वाटत नाही. तरी ये."

तेजश्रीने टॉवेल खांद्यावर टाकला. "आंटींसाठी येईन. तुझ्यासाठी नाही. अजून तरी नाही."

"ओके," एलिशा म्हणाली.

स्टॅटिस्टिक्सच्या मिडटर्मला तिला एकाहत्तर मिळाले. सोडायची मुदत आली तेव्हा तिचा हात दोनदा लॅपटॉपकडे गेला. ती मुदत टळेपर्यंत लायब्ररीबाहेरच्या बाकावर उन्हात बसून राहिली. मग ती ट्युटरिंग सेंटरला गेली. तिथे त्या विषयाच्या टेबलावर तेजश्री बसत असे, हे तिला माहीत होतं. तेजश्री एका सुदानी मुलाला काहीतरी समजावत होती आणि दोघं हसत होते. तिचं इंग्रजी अजूनही लातूरच्या वळणाचं होतं आणि त्या मुलाला एकन्एक शब्द कळत होता. एलिशाने ते दारातून बघितलं. ती रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर तिने वही उघडून समोर ठेवली.

"कुठं अडलं?" तेजश्रीने विचारलं.

"सगळीकडे."

"सगळीकडे असं नसतं. पहिलं गणित काढ."

दोघी आठवड्यातून एकदा अशा बसू लागल्या. गप्पा नाहीत, घरचं काही नाही, नुसती गणितं. मे महिन्यात निकाल लागला. अकाउंटिंगमध्ये 'बी', स्टॅटिस्टिक्समध्ये 'बी मायनस'. एलिशाची सरासरी पहिल्यांदाच तेजश्रीच्या खाली गेली. अफशां मॅडमचा मेल आला: ऑगस्टपासून मदत सुरू, दर सेमिस्टरच्या शेवटी भेटायला यावं. पदवीला मात्र एक वर्ष जास्त लागणार होतं. तेजश्री तिच्या आधी बाहेर पडणार होती.

उन्हाळा फार चढायच्या आत दोन्ही घरं एकदा दोह्याजवळच्या अल वक्राला समुद्रावर गेली. डग्लस आणि अरुणकुमार पाण्याच्या कडेने चालत होते. आयरीनने डबे उघडले होते, लता ते लावत होती.

"मला एक्स्चेंज मिळालंय," तेजश्री म्हणाली. दोघी जराशा बाजूला बसल्या होत्या. "पुढचं सेमिस्टर अमेरिकेत. काल कळलं. मम्मीला पण अजून सांगितलं नाही."

तोच हेवा पुन्हा आला, जुनाच, तितकाच. एलिशाने वाळूत हात घातला आणि मूठ भरेपर्यंत थांबली.

"मला मळमळायला लागलं ऐकून," ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

तेजश्रीला हसू फुटलं. "लै खरं बोलायला लागलीस की."

"काँग्रॅच्युलेशन्स म्हणणार आहे. एक मिनिट दे."

"घे की."

मागून आयरीनने जेवायला हाक मारली. तेजश्री उठून गेली. एलिशा आणखी थोडा वेळ तिथेच बसली. मग तिने हात झटकले, त्यांच्यात जाऊन बसली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तेजू, तुझ्या मम्मीला सांगू का मी?"